आयव्हीएफ फसल्यावर ‘रक्त गोठतं’, ‘एनके सेल वाढलेत’ म्हणतात. कुठला रिपोर्ट खरा धरायचा?

सुरंगी (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझं वय ३४. लग्नानंतर लवकरच दिवस राहिले होते. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत, गोळ्या देऊन पिशवी रिकामी केली. त्यानंतर काही राहिलंच नाही. नळ्या उघड्या आहेत, मिस्टरांचा रिपोर्ट ठीक, माझी पाळी वेळच्या वेळी. कारण सापडेना म्हणून घाटावरच्या एका सेंटरला आयव्हीएफ केलं. गर्भ चांगल्या प्रतीचे आहेत असं सांगितलं होतं. ताज्या गर्भाची ट्रान्सफर फसली, नंतर गोठवलेल्याचीही फसली.

दिवाळीच्या आसपास ती दुसरी ट्रान्सफर फसली तेव्हा मॅडमनी रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी दिली. रिपोर्ट मोबाइलवर आले ते असे:

अँटिकार्डिओलिपिन अँटिबॉडी, आयजीएम प्रकार १८ (लॅबची मर्यादा १२), आयजीजी प्रकार नॉर्मल. ल्युपस अँटिकोअॅग्युलंट ‘बॉर्डरलाइन’. प्रोटीन एस कमी. होमोसिस्टीन थोडं वाढलेलं. एमटीएचएफआर या जनुकात बदल, ‘हेटेरोझायगस’ (म्हणजे एकाच प्रतीत). एनके (नॅचरल किलर, प्रतिकारशक्तीच्या) सेल १८ टक्के, त्यापुढे लाल बाण.

यावरून सांगितलं की माझं रक्त गोठतं आणि माझी प्रतिकारशक्ती गर्भाला परका समजून मारते. पुढच्या वेळी आधीपासून रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं, अॅस्पिरिन, स्टेरॉइडच्या गोळ्या, इंट्रालिपिडचे सलाइन, शिवाय मिस्टरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून माझ्या कातडीखाली टोचायच्या, त्याला एलआयटी म्हणतात. या सगळ्याचा खर्च नुसत्या ट्रान्सफरपेक्षा जास्त होतो. आमची हापूसची कलमं आहेत. मिस्टर म्हणतात, हंगाम होऊन वाशीच्या दलालाची पट्टी आली की करून टाकू. मोहोर आत्ता कुठे धरतोय, फवारण्या चालू आहेत, पीक किती हाती लागेल ते देवाला ठाऊक. पैसे घालायला आमची ना नाही. पण ज्याने फरक पडतो त्याच्यात घालावेत.

आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा रिपोर्ट घरात कसा कोण जाणे सगळ्यांना कळला. आत्येसासूबाई माघी गणपतीच्या तयारीला आल्या होत्या, त्या चारचौघींसमोर म्हणाल्या, “हिच्या रगतातच खोट आसा.” तेव्हापासून रात्री झोपताना तेच डोक्यात फिरतं. पहिलं बाळ मीच मारलं का?

कुणी यातून गेलं असेल, कुणाला यातलं कळत असेल तर नीट सांगा.

बकुळ (वेंगुर्ला)

सुरंगी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तू काहीही केलेलं नाहीस. सुरुवातीच्या आठवड्यांत जे गर्भ जातात त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचीच गडबड असते. ते कुणाच्याही पोटात टिकले नसते. आत्येसासूबाईंना हे सांगायची ताकद नसेल तर मिस्टरांना सांगायला लाव. माझ्या घरात मी बोलले नव्हते, माझ्या नवऱ्याने सांगितलं, आणि मग तोंडं बंद झाली.

आता माझं. मला खरोखरच अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे, म्हणजे ज्याला तुमच्याकडे ‘रक्त गोठतं’ म्हणतायत तोच आजार. यात शरीरच रक्त गोठवणाऱ्या अँटिबॉडी बनवतं. माझं पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती, सगळे अवयव व्यवस्थित होते, वाढ मात्र महिनाभर मागे पडलेली. वार बघितल्यावर डॉक्टर म्हणाले, जागोजागी सुकलेली आहे.

पण याची खूण त्याच्याही आधी मिळाली होती आणि कुणाच्या लक्षात आली नाही. नाव नोंदवताना करतात त्या पहिल्या तपासण्यांत माझी व्हीडीआरएल ‘रिअॅक्टिव्ह’ आली होती. ती गुप्तरोगाची तपासणी. माझा नवरा बोटीवर नोकरीला, आठ-आठ महिने बाहेर. घरात काय वातावरण झालं असेल याची कल्पना कर. सासूबाई त्याच्याशी फोनवर बोलेनात. पक्की तपासणी म्हणून टीपीएचए केली, ती निगेटिव्ह आली, तेव्हा सगळे म्हणाले की चला, काही नाही, लॅबची चूक. तिथेच विषय संपवला. नंतर गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला रक्ताच्या डॉक्टरांनी समजावलं की लॅबची चूक नव्हतीच. व्हीडीआरएलच्या तपासणीत वापरतात त्या रसायनात कार्डिओलिपिनच असतं. माझ्या रक्तातल्या अँटिबॉडी त्यालाच जाऊन चिकटल्या आणि तपासणी खोटी पॉझिटिव्ह आली. म्हणून ज्या बायकांची व्हीडीआरएल अशी उगाच पॉझिटिव्ह येऊन पुढची तपासणी निगेटिव्ह येते, त्यांनी हात जोडून सांगते, तिथे थांबू नका. डॉक्टरांना या अँटिबॉडीबद्दल विचारा.

माझ्या या अँटिबॉडींच्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या, आकडे भरपूर वर होते. तरी त्यांनी लगेच शिक्का मारला नाही. बारा आठवड्यांनी परत रक्त घेतलं, परत तसेच आकडे आले, मग नाव दिलं. पुढच्या वेळी दिवस राहिल्यावर अॅस्पिरिन आणि रोज पोटात हेपरिन. मे महिन्यात पाकिटावर ‘२५ अंशांखाली ठेवा’ लिहिलेलं, आणि आमच्या घरात तो आकडा पहाटेसुद्धा दिसत नाही. म्हणून साठा केमिस्टच्या एसीत ठेवून आठवड्याचीच इंजेक्शनं घरी आणायचे. बेंबीपासून लांब, पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, सिरिंजमधला तो हवेचा बुडबुडा काढायचा नाही आणि टोचून झाल्यावर चोळायचं नाही. चोळलं की हिरवानिळा डाग पडलाच. शेवटी शेवटी जागा शोधावी लागायची. सदतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला, बाळंतपणानंतरही सहा आठवडे इंजेक्शनं चालू होती. आता पहिलीत आहे.

हे सांगितलं ते तुला हेपरिन घे म्हणून नाही. उलट म्हणतेय. माझं प्रकरण आणि तुझा रिपोर्ट यांत मला फार फरक दिसतो. त्या तीनपैकी बीटा-टू ग्लायकोप्रोटीन तर तुझी केलेलीच नाही. जाणकारांना विचार.

रातांबा (चिपळूण)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, रक्त गोठण्याच्या तपासण्या हाच माझा रोजचा टेबल. उपचारांवर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण रिपोर्टमधला आकडा कसा तयार होतो ते सांगू शकतो, आणि ताई, तुमच्या रिपोर्टबद्दल मला दोन गोष्टी आधी विचारायच्या आहेत. सॅम्पल दिलंत तेव्हा हेपरिन आणि हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या का? आणि सॅम्पल कुठे काढलं, तपासलं कुठे?

सुरंगी

दादा, रिपोर्टवरची तारीख बघितली. बीटा एचसीजी (दिवस राहिलेत का ती रक्ततपासणी) निगेटिव्ह आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे. हेपरिन आदल्या रात्रीपर्यंत घेतलं होतं, इस्ट्रोजेनच्या गोळ्या त्या दिवशी बंद केल्या. परत घाट चढायला नको म्हणून रक्त इथल्याच कलेक्शन सेंटरला दिलं. तिथल्या मुलाने ट्यूब थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या आणि रात्रीच्या बसने मुंबईला पाठवतो म्हणाला.

रातांबा

मग ऐका. एकेक घेतो.

ल्युपस अँटिकोअॅग्युलंट. या तपासणीत चक्क घोणशीचं विष वापरतात, खूप पातळ करून. आपल्याकडे घोणस चावलेला माणूस पाहिलेल्यांना माहीत आहे की त्या विषाने रक्ताची गोठण्याची यंत्रणा कशी कोलमडते. विषातला एक घटक रक्त गोठवणाऱ्या दहाव्या फॅक्टरला थेट चालू करतो, मग गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. अँटिबॉडी असेल तर वेळ लांबतो. मग जादा फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ, अँटिबॉडी त्यालाच चिकटतात) घालून परत मोजायचं. वेळ आखडला तर तपासणी पॉझिटिव्ह. नळीत रक्त उशिरा गोठतं आणि शरीरात मात्र लवकर, हा या आजाराचा विचित्रपणा आहे.

आता यात घोळ कुठे होतो ते बघा. हेपरिनही वेळ लांबवतं. रसायनात हेपरिन मारणारा घटक घातलेला असतो, पण त्याला मर्यादा आहे. दुसरं म्हणजे सॅम्पलचं वागणं. ट्यूब निळ्या झाकणाची, आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त खुणेच्या खाली राहिलं तर सायट्रेट जास्त होतं आणि वेळ आपोआप लांबतो. रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत ते यंत्रात एकदा नव्हे, दोनदा गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करायला लागतो. लगेच तपासायचं नसेल तर गोठवून कोरड्या बर्फातच पाठवायचं. एकदाच फिरवलं तर प्लाझ्मात प्लेटलेट राहतात, गोठवल्यावर त्या फुटतात, त्यांच्यातलं फॉस्फोलिपिड अँटिबॉडीला झाकून टाकतं आणि खरोखर आजार असलेल्या बाईचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. तुमची ट्यूब अख्खं रक्त असताना रात्रभर महामार्गावर हादरे खात गेली असेल तर त्या ‘बॉर्डरलाइन’ शब्दाला मी काडीचीही किंमत देणार नाही.

होमोसिस्टीनचंही तसंच. रक्त काढल्यावर प्लाझ्मा लगेच वेगळा केला नाही तर तांबड्या पेशी ते बाहेर सोडत राहतात. जितका उशीर तितका आकडा मोठा. आमच्याकडे ती ट्यूब काढल्या काढल्या बर्फात घालायचा नियम आहे.

प्रोटीन एस म्हणजे रक्त गोठणं आवरणारं प्रथिन, ते इस्ट्रोजेनने खाली येतं. गरोदरपणातही येतं. गोळ्या चालू असताना मोजलेलं प्रोटीन एस कमी असणारच, त्याला आजार म्हणता येत नाही.

अँटिकार्डिओलिपिन मात्र प्रवास सोसतं. ती तपासणी साध्या सीरमवर होते, हेपरिनचाही त्याला त्रास नाही. तुमचा १८ हा आकडा बहुधा खरा असेल. पण लॅबची मर्यादा ओलांडणं वेगळं आणि आजाराच्या निकषात बसणं वेगळं. निकषात ४० युनिटच्या वर हवं, आणि बारा आठवड्यांनी परत हवं. साधा ताप, एखादा संसर्ग झाला तरी आयजीएम काही आठवडे असं वर जाऊन खाली येतं. बारा आठवड्यांची अट त्यासाठीच ठेवली आहे.

एनके सेलबद्दल इतकंच सांगतो की रक्तातलं त्यांचं प्रमाण मानसिक ताण, व्यायाम, दिवसाची वेळ यांनी वरखाली होतं. ज्या बाईची ट्रान्सफर काल फसली आहे तिचं रक्त घेऊन तो आकडा मोजायचा, हे मला माणूस म्हणूनसुद्धा पटत नाही.

पुळण (अलिबाग)

माझ्या बहिणीने एलआयटी घेतली होती आणि पुढच्याच वेळी राहिलं, आता मुलगी आहे. डॉक्टर सांगतायत ते करून घ्या, नंतर वाटायला नको की राहून गेलं. पैसा काय, पुन्हा मिळेल.

खाडीकाठ (स्त्रीरोगतज्ज्ञ, रत्नागिरी जिल्हा)

पुळण ताई, तुमच्या बहिणीला मुलगी झाली, मनापासून आनंद आहे. तुमच्या सांगण्यामागची कळकळही कळते. पण एक लक्षात घ्या, काहीही न घेता पुढच्या वेळी राहतं अशाही पुष्कळ बायका असतात, आणि त्या कुठल्या इंजेक्शनला श्रेय देत नाहीत. म्हणून दोन गट करून बघावं लागतं. एलआयटीचं तसं बघून झालंय. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांवरची चाचणी आली, एका गटाला नवऱ्याच्या पेशी, दुसऱ्याला नुसतं सलाइन. पेशी दिलेल्या गटाला फायदा झाला नाही, उलट यश थोडं कमीच होतं. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने संशोधनाबाहेर हा उपचार करायला मनाई केली. दुसऱ्याच्या पेशी टोचताना रक्तातून संसर्ग जाण्याचा धोका असतो, शरीरात नको त्या अँटिबॉडी तयार होतात. ‘राहून गेलं’ या भीतीने घेण्यासारखी ही गोष्ट नाही.

सुरंगी, तुम्हाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे इथे निदान करणार नाही. पण जे लिहिलंय त्यावरून माझं मत स्पष्ट सांगतो.

या सगळ्या यादीत भक्कम पुरावा एकाच गोष्टीला आहे, तो म्हणजे बकुळ यांना झालेला आजार. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. २००६ च्या सिडनी निकषांप्रमाणे गर्भारपणाचा इतिहास असा लागतो: दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन किंवा जास्त गर्भपात, किंवा दहा आठवड्यांनंतर व्यंग नसलेल्या बाळाचा पोटात मृत्यू, किंवा तीव्र रक्तदाबामुळे अथवा वार नीट काम न केल्यामुळे ३४ आठवड्यांच्या आत झालेलं बाळंतपण. जोडीला रक्तात अँटिबॉडी, दोनदा. २०२३ मध्ये नवे निकष आले ते आणखी कडक आहेत, त्यांत एकट्या आयजीएमला फार कमी वजन दिलंय. तुमचा एक लवकरचा गर्भपात आणि १८ चं आयजीएम यांत बसत नाही.

ज्यांच्यात बसतं त्यांना मात्र उपचाराचा खरा फायदा होतो. १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ९० बायकांचा अभ्यास आला. नुसत्या अॅस्पिरिनवर ४२ टक्के बाळंतपणं पार पडली, अॅस्पिरिन आणि हेपरिन मिळून ७१ टक्के. इतका मोठा फरक आमच्या शाखेत क्वचित दिसतो. त्यात नुसतं रक्त गोठणं नसतं. या अँटिबॉडी वारेच्या पेशींवर थेट हल्ला करतात, सूज आणतात, आणि हेपरिन तिथेही काम करतं असं दिसतं. पण हा सगळा पुरावा गर्भ राहून नंतर जाण्याबद्दलचा आहे. गर्भ मुळात रुजतच नाही त्याला या अँटिबॉडी कारण आहेत, हे असं सिद्ध झालेलं नाही. सल्ला देताना हा फरक पुसला जातो, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

जन्मजात रक्त गोठण्याच्या दोषांचं बघा. फॅक्टर फाइव्ह लायडेन आणि प्रोथ्रॉम्बिनचा दोष हे युरोपातल्या लोकांत जास्त, आपल्याकडे कमी. असे दोष असून दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या बायकांना हेपरिन देऊन बघितलं, तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हेपरिनसह आणि हेपरिनशिवाय, दोन्हीकडे साधारण ७१ टक्के बायकांना बाळ झालं. फरक नाही. आणि एमटीएचएफआरचा तुमच्यासारखा बदल इतका सर्रास आढळतो की त्याला दोष म्हणणंच अन्याय आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं की वारंवार गर्भपातासाठी ही तपासणी करू नका. होमोसिस्टीन परत नीट सॅम्पल देऊन वाढलेलं आलं तर बी-१२ आणि फॉलिक अॅसिड तपासा. गोळीने सुटणारा प्रश्न आहे.

आता एनके सेल. नावात ‘किलर’ आहे म्हणून बायका घाबरतात. गर्भाशयाच्या अस्तरातल्या एनके पेशी रक्तातल्यांपेक्षा वेगळ्या असतात. गर्भ रुजतो त्या काळात तिथल्या प्रतिकार पेशींत त्यांचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं, आणि त्या वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. दंडातून काढलेल्या रक्तात त्या मोजून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही. समुद्रात जाळं टाकून विहिरीतले मासे मोजण्यासारखं आहे ते. तुमचं शरीर बाळाला मारतं, हे त्या लाल बाणावरून कुणालाही म्हणता येणार नाही.

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीनचं तेल, अंड्यातलं फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरीन. तोंडाने खाता न येणाऱ्या पेशंटला ताकद म्हणून शिरेतून देतात. युरोपातल्या एश्रे या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये अशा जादा उपचारांचा आढावा घेतला, त्यात रक्तातल्या एनके सेलची तपासणी, इंट्रालिपिड, एलआयटी यांची शिफारस केलेली नाही. स्टेरॉइडचं तर चीनमध्ये नीट तपासून झालं. वारंवार ट्रान्सफर फसलेल्या ७१५ बायका, अर्ध्यांना प्रेडनिसोन, अर्ध्यांना साधी गोळी. बाळ झालं ३७.८ आणि ३८.८ टक्के बायकांना. प्रेडनिसोन घेतलेल्यांत दिवस भरण्याआधी बाळंतपणं जास्त झाली. शिवाय आपल्याकडे अंगात दडलेला टीबी असू शकतो, तो स्टेरॉइडने उफाळतो. हा धोका युरोपातल्या पुस्तकांत ठळक लिहिलेला नसतो, आपल्याला मात्र विसरून चालत नाही.

टीबीवरूनच पुढे जातो, कारण मला तुमच्या पोस्टमध्ये जे नाही ते जास्त खटकलं. हिस्टेरोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाची दुर्बिणीने तपासणी, झाली का? अस्तराचा तुकडा टीबीसाठी तपासला का, की नळ्या उघड्या दिसल्या म्हणून तिथेच थांबले? नळीत पाणी साठलेलं नाही हे कुणी खात्रीने सांगितलं? थायरॉइड, साखर? तुम्हा दोघांचे कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी? गर्भ कितव्या दिवसाचे होते, पाचव्या दिवसापर्यंत वाढलेले की तिसऱ्या दिवसाचे? तुमच्या वयातसुद्धा दिसायला सुरेख असलेल्या गर्भांपैकी बऱ्याच जणांत गुणसूत्रांची गडबड असते. दोन वेळा न रुजणं यात त्याचाच वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. ते मनाला लागतं, मान्य आहे, पण त्यात तुमच्या शरीराने काही वाकडं केलेलं नाही. आणि गर्भ चांगले असतील तर पुढची साधी ट्रान्सफर, बाकी काही न जोडता, यशस्वी होण्याची शक्यता अजून चांगली आहे.

सेंटरच्या मॅडमशी भांडायला जाऊ नका. त्यांनाही पेशंट रिकाम्या हाताने परत पाठवताना वाईट वाटतं, आणि काहीतरी जादा दिल्याशिवाय कुटुंबंही ऐकत नाहीत. फक्त प्रत्येक औषधापुढे विचारा: हे कुठल्या निदानासाठी, त्या निदानाची दुसरी तपासणी झाली का, आणि हे न घेता ट्रान्सफर केली तर माझं काय नुकसान?

सुरंगी

डॉक्टर, दादा, बकुळताई, काय बोलू. काल रात्री मिस्टरांना शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. ‘विहिरीतले मासे’ आलं तिथे ते थांबले आणि म्हणाले परत वाच.

मॅडमना आज फोन केला. हिस्टेरोस्कोपी केलेली नाही, टीबीचा तुकडा पाठवलेला नाही. गर्भ तिसऱ्या दिवसाचे होते. कॅरिओटाइप ‘गरज वाटली नाही’. अँटिबॉडीची तपासणी परत करायचं त्यांनी मान्य केलं, थोड्या नाखुशीने, पण केलं. एलआयटी आणि इंट्रालिपिड आम्ही करणार नाही असं मिस्टरांनीच सांगितलं. स्टेरॉइडवर त्या अडून आहेत. अभ्यासाचं नाव आणि वर्ष लिहून घेऊन समक्ष बोलणार आहोत. पुढची ट्रान्सफर हंगाम संपल्यावरच. आधी हिस्टेरोस्कोपी.

आत्येसासूबाईंना मिस्टरांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. दुपारी त्या स्वतः स्वयंपाकघरात आल्या, नारळ खवायला बसल्या, गप्पच होत्या. मीही काही काढलं नाही.

दादा, आता एवढंच सांगा. बारा आठवडे या महिनाअखेर भरतात. मी सॅम्पल कुठे देऊ? फोंडा घाटातून कोल्हापूर जवळ पडतं, मुंबई लांब. आणि जाताना काय काळजी घेऊ?

रातांबा

ताई, शहर कुठलंही चालेल, अट एकच. रक्त काढणारी आणि ल्युपस अँटिकोअॅग्युलंट प्रत्यक्ष चालवणारी लॅब एकाच छताखाली हवी. निघण्याआधी फोन करून थेट विचारा, “तुमच्याकडे मशीन आहे की सॅम्पल बाहेर पाठवता?” कोल्हापुरात तशी मिळाली तर तिथेच द्या. नाही तर कणकवलीहून तुतारी एक्सप्रेस धरा, रात्री बसलात की सकाळी दादर. परळला केईएमच्या आवारात रक्ताच्या विकारांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आहे, तिथेही आधी चौकशी करून जा.

तिन्ही तपासण्या एकत्र करा: ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. शेवटच्या दोन्हींचे आयजीजी आणि आयजीएम. प्रोटीन एस करायचंच असेल तर गोळ्या बंद होऊन दोन महिने झालेत, आता केलं तर अर्थ आहे. मधे ताप येऊन गेला असेल तर जाणं पुढे ढकला. फॉर्मवर सध्या कुठलं औषध चालू आहे ते स्वतः लिहा, नसेल तर ‘हेपरिन नाही, हार्मोन नाही’ असंही लिहा. जुना रिपोर्ट बरोबर न्या, तीच पद्धत वापरणारी लॅब असेल तर आकड्यांची तुलना करता येते.

आणि निळी ट्यूब खुणेपर्यंत भरली का ते स्वतः डोळ्यांनी बघा. कमी भरली असेल तर लाजू नका, दुसरी भरायला लावा. रिपोर्ट आला की इथेच टाका, आकडे मी समजावून सांगतो, पुढचं डॉक्टर बघतील.